घोडबंदर ते बीकेसी अ‍ॅपवाल्या बसने जायचंय? आधी हे वाचा

ठाण्यातून, त्यातही घोडबंदर रोडवरून बीकेसीला (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स) रोज जाणाऱ्यांना ट्रेनचा रस्ता पाठच आहे, आधी रिक्षा नाहीतर टीएमटीने (ठाणे महापालिकेची बस) स्टेशन, मग गर्दीत लोंबकळत कुर्ला, तिथून परत शेअर रिक्षाची लाईन. सिटीफ्लो सारख्या अ‍ॅपवाल्या एसी बसमध्ये घराजवळ बसलं की थेट ऑफिसच्या आसपास उतरता येतं आणि सीट पक्की असते, म्हणून लोक तिकडे वळतायत. मुंबईच्या सरकारी बससेवेने, म्हणजे बेस्टने पण डिसेंबर 2022 मध्ये ठाणे-बीकेसी प्रीमियम बस चलो अ‍ॅपवर आणली होती, तीही अशीच, आधी सीट बुक करायची आणि मग बसायचं.

आता सुरुवात कशी करायची. अ‍ॅप टाकलं की भाडं नंतर बघा, आधी स्टॉप बघा, कारण सगळा खेळ स्टॉपचा आहे. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ इथे फ्लायओव्हर आहेत, बस वरून जाणार की खालून हे मॅपवर झूम करून बघायचं, नाहीतर तुम्ही खाली उभे आणि बस डोक्यावरून गेली असं होतं. रस्त्याची बाजू पण बघा, ठाण्याकडे जाणारी बाजू हवी, सकाळच्या ट्रॅफिकमध्ये घोडबंदर क्रॉस करणं खायचं काम नाही. उतरायचं पण तसंच, नुसतं "बीकेसी" लिहिलंय म्हणून खुश होऊ नका, कलानगरला उतरलात आणि ऑफिस डायमंड बोर्सच्या बाजूला असेल तर भर उन्हात चांगलीच तंगडतोड होते.

दुसरं म्हणजे परतीची बस. सकाळी भरपूर टायमिंग दिसतात आणि आपण खुश होतो पण संध्याकाळी उशिरा सुटणारी शेवटची बस कितीची आहे ते पास घ्यायच्या आधीच बघा. तुमची मीटिंग लांबते तेव्हा नेमकी ती बस सुटलेली असते, मग कॅबचं भाडं भरून महिनाभराची बचत एका रात्रीत जाते. माझ्या मते संध्याकाळी दोन तरी बस सोयीच्या असतील तरच हा रूट रोजचा करावा, नाहीतर आठवड्यातून एक-दोन दिवसांपुरताच ठेवा.

पहिल्या आठवड्यात सिंगल राइडच घ्या. सोमवार आणि शुक्रवार दोन्ही करून बघा, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेचा मूड दोन्ही दिवशी वेगळा असतो. मग पटलं तर छोटा पास. वर्षभराचे पैसे किंवा वॉलेटमध्ये मोठी रक्कम अजिबात अडकवू नका, ह्या धंद्यात कंपन्या येतात आणि जातात, ओलाची अशीच बससेवा ओला शटल 2015 ला आली आणि 2018 ला बंद पण झाली. कॅन्सल किती वेळ आधी केलं तर पैसे परत मिळतात ते बुकिंगच्या पानावरच वाचून घ्या.

बसच्या दिवशी लाइव्ह ट्रॅकिंग चालू करून बस एक स्टॉप अलीकडे असतानाच स्टॉपवर जाऊन उभे राहा, ड्रायव्हर कुणासाठी थांबत नाही आणि थांबूही नये, मागच्या स्टॉपवर पण माणसं ताटकळत असतात. चढताना गाडीचा नंबर अ‍ॅपशी जुळवा आणि पाटी पिवळी आहे ना बघा, पिवळी पाटी काळी अक्षरं म्हणजे भाड्याने चालणाऱ्या गाडीची नोंदणी (इलेक्ट्रिक बस असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं). पांढऱ्या पाटीची गाडी आली तर चढू नका, अ‍ॅपवर कळवा. रात्री एकट्या येणाऱ्यांनी लाइव्ह लोकेशन घरच्यांना पाठवावं, अ‍ॅपमध्ये शेअरचा ऑप्शन नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवा.

आणि ट्रेन, बेस्ट विसरू नका. मे 2025 मध्ये भाडं वाढून बेस्टचं किमान तिकीट साध्या बसला 10 रुपये आणि एसीला 12 रुपये झालं, तरी अ‍ॅपवाल्या बसपुढे ते कितीतरी स्वस्त आहे. ज्यांना रोजचे एवढे पैसे परवडत नाहीत त्यांच्यासाठी बेस्ट, टीएमटी नीट चालायलाच हव्यात, आपण एसीत बसलो म्हणून त्यांच्या बस कमी झाल्या तर गप्प बसायचं नाही. पावसाळ्यात पाणी भरलं की हायवे तुंबतो, त्या दिवशी बसचा नाद सोडून कुर्ल्यापर्यंत लोकल चालू आहे का त्याची चौकशी करा, चालू असेल तर ट्रेनच बरी. ट्रेनचा पास नसला तरी फोनमध्ये रेल्वेचं तिकिटाचं रेलवन अ‍ॅप आधीच चालू करून ठेवा, स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत उभं राहावं लागणार नाही.