चामड्याचा रंग कपड्यांना का लागतो: रंगाई आणि फिनिशिंग, पायरी-पायरीने

हाताने बनवलेला काळा पट्टा दिवसभर वापरला आणि संध्याकाळी फिक्या पँटवर काळी रेघ दिसली, की पहिला दोष रंगाच्या बाटलीला दिला जातो. बाटली बहुतेक वेळा निर्दोष असते. 'रंग लावा, वाळू द्या, सीलर मारा' हा सल्ला मात्र अर्धवट असतो. वाळणं आणि सीलर (रंगावर द्यायचा संरक्षक थर) यांच्या मधलं एक कंटाळवाणं काम त्यात गाळलेलं असतं आणि नवशिक्यांच्या वस्तू तिथेच बिघडतात. त्या कामाकडे येऊच, त्याआधीचं भराभर उरकू.

चामडं व्हेज-टॅन हवं, म्हणजे झाडपाल्यातल्या टॅनिनने कमावलेलं, फिकट आणि वरून काही न लावलेलं. शंका असेल तर कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. तो काही सेकंदांत आत जिरला आणि तिथे गडद डाग पडला तर रंग चढेल. थेंब जसाच्या तसा उभा राहिला तर वर आधीच फिनिश आहे, त्यावर हा रंग मुरणार नाही. सोफ्याचं किंवा जॅकेटचं मऊ चामडं बहुधा क्रोम-टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं आणि रंग-फिनिश होऊनच येतं. त्याच्या नादी लागू नका.

रंग स्पिरिटचा, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेला घ्या आणि सीलर पाण्याचा, अ‍ॅक्रिलिकचा. दोघांचा द्रावक वेगळा असला की सीलर खालचा रंग कमी हलवतो. पाण्याच्या रंगावर पाण्याचाच सीलर फिरवला तर रंग पुन्हा ओला होऊन ओघळू शकतो. अ‍ॅक्रिलिक पेंटला रंगाई समजू नका, तो वर बसतो. जाड लावला तर वस्तू जिथे वाकते तिथे तडकतो.

कापणं, भोकं पाडणं, कडांची धार मारणं हे सगळं रंगाआधी. शिवण रंगानंतर, नाहीतर दोराही रंगतो. चिकटवायच्या जागा रंगवू नका. उलट, दर्शनी बाजूला गोंदाचा ठिपका सांडला तर तिथे रंग धरतच नाही आणि तो फिकट डाग कायमचा राहतो.

हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, जवळ आग नको. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने चामडं एकदा पुसून घ्या. बोटांचं तेल निघालं नाही तर रंग लावल्यावर तिथे बोटांचे ठसे दिसतात. मग पिळलेल्या स्पंजने वरची बाजू जेमतेम ओलसर करा. कोरडं चामडं रंग पडताक्षणी पिऊन टाकतं आणि ठिपका पडतो. ओलसर असलं की रंग पसरायला थोडा वेळ मिळतो.

रंग बाटलीतून थेट लावू नका. एक भाग रंग आणि एक ते दोन भाग त्याच रंगासोबत मिळणारा पातळक, असं मिश्रण करा आणि सगळ्या वस्तूला पुरेल एवढं एकदमच करा. निम्म्यात संपलं तर तीच छटा पुन्हा जुळत नाही. बोळा भिजवला की पहिला स्पर्श टाकाऊ तुकड्यावर, मग वस्तूवर. गोल गोल फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता जा. दुसरा हात आडवा, तिसरा उभा. दोन ते चार पातळ हात पुरतात. छटा ओल्यावर ठरवू नका: वाळल्यावर ती फिकी होते, तेल आणि सीलर लागला की पुन्हा गडद होते. त्याच चामड्याच्या तुकड्यावर तेल-सीलरसकट सगळे टप्पे आधी करून पाहा. इतका वेळ नाही म्हणणारे पुढे पूर्ण वस्तू टाकून देतात.

आता ते गाळलेलं काम.

स्पिरिट उडून गेल्यावर चामड्याच्या तंतूंना जेवढा रंग धरता येतो तेवढाच आत राहतो. उरलेला वर कोरड्या भुकटीसारखा बसतो. त्याला सुटा रंग म्हणू. काळा, गडद निळा आणि गडद लाल यांत तो सगळ्यात जास्त असतो, कारण हे रंग 'अजून एक हात' करत घट्ट लावले जातात. 'सीलर मारला की रंग लॉक होतो' या वाक्यावर जितक्या वस्तू वाया गेल्यात तितक्या दुसऱ्या कशावर नसतील. सीलर म्हणजे एक पातळ पापुद्रा. खाली भुकटी असेल तर पापुद्रा चामड्याला न चिकटता भुकटीला चिकटतो आणि पट्टा वाकला की भुकटीसकट उचलला जातो. शिवाय लावतानाच सुटा रंग ओल्या सीलरमध्ये मिसळतो, स्पंज काळा होतो आणि वस्तूवर पट्टे उमटतात.

म्हणून रंगाचा शेवटचा हात झाल्यावर चोवीस तास सपाट ठेवून वाळू द्या. हेअर ड्रायर नको, ऊनही नको. उष्णतेने चामडं कडक होतं आणि काही वेळा आक्रसतं. चोवीस तासांनी जुन्या पांढऱ्या सुती टी-शर्टचा तुकडा घ्या, चौपदरी घडी घाला आणि दाबून घासायला लागा. पांढरंच कापड हवं, कारण काम कुठवर आलं हे तेच सांगतं. काळ्या पट्ट्यावर पहिली घडी कोळशाच्या पोत्यातून काढल्यासारखी निघते. दुसरीही तशीच. तिसऱ्या-चौथ्या घडीला काळ्याचा करडा होतो आणि चामड्यावर हळूहळू मंद चकाकी येऊ लागते, जी आधी भुकटीखाली दडलेली होती. ती चकाकी दिसेपर्यंत थांबू नका. मळलेल्या घडीनेच घासत राहिलात तर काढलेला रंग परत लावत बसता, म्हणून दर मिनिटाला स्वच्छ बाजू पुढे घ्या. कडा, शिवणीची खाच आणि भोकांच्या आजूबाजूची जागा हमखास सुटते, आणि पुढे हाताला लागतो तो रंग बहुतेक तिथलाच असतो.

स्पिरिट लावलेल्या कापडाने हे काम पटकन उरकायचा मोह होईल. नका करू. स्पिरिट बसलेला रंगही विरघळवतं आणि एकसारखी रंगाई ढगाळ होते.

कोरडं घासून झालं की नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल) अगदी पातळ हात द्या. तेल कापडावर घ्या, चामड्यावर ओतू नका. स्पिरिटने कोरडं पडलेलं चामडं त्याने मऊ होतं आणि उरलासुरला सुटा रंगही सैल होतो. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्या कापडाने घासा. तेल सढळ हाताने लावू नका, तेलकट चामड्यावर अ‍ॅक्रिलिक सीलर धरत नाही.

मग चाचणी. पांढरं कापड पाण्याने ओलसर करून अंगठ्याने दाबत एकाच जागी दहा वेळा घासा. घामाचा परिणाम साधारण असाच होतो. फिकट करडी झाक आली तर चालेल, गडद डाग पडला तर पुन्हा कोरडं घासणं. या टप्प्याला तास लागला तरी लागू द्या.

सीलरलाही तितकंच जपावं लागतं. निम्मा सीलर, निम्मं पाणी. बाटली हलवू नका, फेस होतो आणि बुडबुडे वाळून तसेच राहतात. हळू ढवळा. स्पंज ओला करून पिळा, थोडा सीलर घ्या आणि एका दिशेने लांब ओढ घ्या. गेलेल्या जागी परत येऊ नका. मिनिटाभरात तो चिकट होतो आणि मग स्पंज लागला की पट्टा पडतो. राहिलेली जागा पुढच्या हाताला भरेल. पहिला हात तासभर वाळला की दुसरा त्याला आडवा. दोन हात बास, तिसरा फक्त पट्ट्यासारख्या घासल्या जाणाऱ्या वस्तूला. जाड थर वाकला की पांढरट भेगा दिसतात. कोरीव कामाच्या खाचांत सीलर साचू देऊ नका, तिथे तो दुधाळ दिसत राहतो. मेण सीलरच्या आधी कधीच नको. मेणावर सीलर बसत नाही, सीलरवर मेण छान बसतं.

काळ्या रंगापुरती एक वेगळी वाट आहे आणि व्हेज-टॅन चामड्याला तीच उत्तम. अ‍ॅसिटोनमध्ये धुऊन तेल काढलेलं आणि पूर्ण वाळलेलं बारीक स्टील वूल काचेच्या बरणीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाकून आठवडा-दोन आठवडे ठेवायचं. झाकण सैल ठेवा आणि बरणी आगीपासून लांब ठेवा, कारण आत हायड्रोजन तयार होत असतो. गाळलेलं द्रावण चामड्यावर फिरवलं की लोखंड टॅनिनशी संयोग पावतं आणि चामडं डोळ्यांदेखत करडं, मग काळं होतं. हा काळेपणा तंतूंमध्येच तयार होत असल्याने भुकटी जवळपास उरत नाही. नंतर लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा घालून त्या पाण्याने आम्ल मारा, साध्या पाण्याने पुसा, वाळवा आणि तेल द्या. तेल लागेपर्यंत रंग राखाडी दिसेल, घाबरू नका.

कडा: २२०, ४००, ६०० नंबरचा सँडपेपर, मग रंग, मग ट्रॅगाकंथ डिंक किंवा नुसतं पाणी लावून खाचेच्या लाकडी दांड्याने गरम होईपर्यंत घोटा, शेवटी मधमाशीचं मेण. सीलर घोटण्याआधी कडेला लागला तर कड घोटली जात नाही.

पट्ट्याची मागची बाजू रंगवूच नका. ती खरखरीत असते, सुटा रंग धरून ठेवते आणि नेमकी कपड्याला घासते. डिंक लावून घोटा, तेवढं पुरे.

सगळं झालं की दोन दिवस वापरू नका. स्पिरिट-अ‍ॅसिटोनचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, उघड्यावर पसरून वाळवा, मग फेका.

सीलरवर पट्टे आधीच पडले असतील तर वर आणखी एक हात मारून ते झाकले जात नाहीत. अ‍ॅसिटोनने सीलर उतरवावा लागतो, सोबत बराच रंगही उतरतो. मग नव्याने रंगवा आणि आधीपेक्षा गडद छटा घ्या, कारण आत मुरलेला रंग फिक्याखाली लपत नाही.