टी-शर्टची गोधडी: कात्री लावण्याआधी

माझी आजी वाकळ शिवायची तेव्हा टेप कधी हातात घेतल्याचं आठवत नाही. जुनं लुगडं अंगणात अंथरायचं, त्यावर विरलेल्या साड्या, धोतरं, वर रंगीत ठिगळं, आणि कडेपासून आत आत येणारा धावदोरा. ते बघत वाढले, म्हणून कॉलेजच्या टी-शर्टची गोधडी शिवून द्याल का, असं एकीने विचारल्यावर मी बिनधास्त हो म्हटलं. शिवून पसरली तर मधे फुगे आणि कडेला झालर!

लुगडं मागावरचं, त्याला उभा-आडवा धागा असतो. टी-शर्ट होजिअरीचा, म्हणजे नुसते एकात एक अडकवलेले फासे. कापला की कडा गुंडाळते, मशीनखाली घातला की ताणतो. उपाय आहे फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं कापड. शर्टाच्या कॉलरला लावतात तसंच, पण पातळ घ्या; जाड घेतलंत तर गोधडी सतरंजीसारखी ताठ होते. टी-शर्टच्या उलट बाजूने लावून इस्त्री दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. सरकवली की कापड ओढलं जातं. छापावर इस्त्री थेट कधीच नको. रबरी छाप वितळून इस्त्रीला चिकटतो, म्हणून मधे सुती फडकं ठेवा. मॅरेथॉनचे टी-शर्ट बहुधा पॉलिस्टरचे असतात, त्यांना इस्त्री मंद.

फ्यूजिंग लावल्यावरच चौकोन कापायचा. मी पुठ्ठ्याचा १३ इंची साचा वापरते. चारी बाजूंना अर्धा इंच माया (शिवणीत जाणारी कडा) गेली की १२ इंच उरतात. २० टी-शर्ट, चार आडवे, पाच उभे, म्हणजे ४८ बाय ६० इंच. भोवती ४ इंचांची किनार लावली की ५६ बाय ६८, एका माणसाला पुरेशी. लहान मुलांच्या टी-शर्टमधून १३ इंच निघत नाहीत, तिथे भोवती साध्या कापडाची चौकट जोडायची. खिशावरची बारकी चिन्हं असतील तर चार मिळून एक चौकोन होतो.

आता माझी खरी चूक सांगते. एका मुलाने फिरोदिया करंडकाच्या, म्हणजे पुण्यातल्या कॉलेजांच्या कलास्पर्धेच्या वेळचा टी-शर्ट दिला होता. मी समोरचा छाप नीट मध्यावर घेऊन कापला. पाठीवर, खाली अगदी शिवणीजवळ, अख्ख्या टीमने मार्करने सह्या केल्या होत्या. त्यातल्या निम्म्या माझ्या कात्रीखाली गेल्या. उरलेला तुकडा मी ठिगळ म्हणून शेजारी लावला, मुलगा बिचारा काही बोलला नाही, पण मला ते अजून टोचतं. तेव्हापासून प्रत्येक टी-शर्ट गिऱ्हाइकासमोर उलटसुलट करते आणि विचारते, यातलं काय राहायला हवं? कधी उत्तर येतं, तो चहाचा डाग. मग डाग राहतो. जपायचं ते खडूने आखून फोटो काढून ठेवते.

मांडणी जमिनीवर करून बघा. काळे टी-शर्ट नेहमी जास्त निघतात, ते एका कोपऱ्यात गोळा होऊ देऊ नका. पसंती आली की आडव्या ओळी जोडायच्या, मग ओळीला ओळ. सुई बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची घ्या, १४ नंबरची. साधी सुई फासे तोडते आणि पहिल्याच धुण्यात भोकं दिसतात.

भरण्यासाठी एक जुनी सुती चादर पुरते. वरचा थर फ्यूजिंगमुळे आधीच जड झालेला असतो. अस्तराला मी साडीच मागते, जमल्यास आईची. साडेपाच मीटरच्या साडीतून ७४ इंचांचे दोन तुकडे जोडले की अस्तर होतं, उरलेल्यातून काठाची किनार निघते. अस्तर वरच्या थरापेक्षा चारी बाजूंनी तीन इंच मोठं ठेवा, टीप मारताना ते आत ओढलं जातं.

हाताने धावदोरा घालायचा मोह मीही केला, पण फ्यूजिंगमधून सुई काढता काढता बोटं सोलली. आता चौकोनांच्या शिवणीवरूनच मशीनची टीप मारते. रबरी छापावरून मारू नका, चुकलं आणि उसवलं तरी सुईची भोकं बुजत नाहीत. आजीचा धावदोरा मी फक्त किनारीला घालते, साडीच्या काठावर, आणि त्याचे पैसे वेगळे लावते.