कण्यात 'सेल टाकून देतो' म्हणणारे भेटले तर त्यांना काय विचारायचं

आपल्या इंदूरात बायपासवर कोणाचा ॲक्सिडेंट होऊन कण्याला, म्हणजे त्यातल्या मज्जारज्जूला मार बसला की आठवड्याभरात एखाद्या काकांचा फोन येतोच, अमुक शहरात स्टेम सेल (ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) टाकतात, पोरगा चालायला लागेल, एवढे लाख तयार ठेवा. प्लॉट विकायला काढण्याआधी हे वाचा.

सगळ्यात आधी विचारा, मार लागल्यापासून कितव्या दिवशी सेल देणार? खरी गोम इथेच आहे. मार एका क्षणाचा असतो पण नुकसान पुढे आठवडे चालू राहतं. रक्त साचतं, कण्यातल्या मायक्रोग्लिया म्हणजे तिथल्या पहारेकरी पेशी भडकतात, काही तासांत रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात आणि मग कचरा खाणारे मॅक्रोफेज, ते मेलेला कचरा साफ करतात खरं पण शेजारच्या धडधाकट पेशींनाही सोडत नाहीत. ह्यालाच इन्फ्लमेशन, म्हणजे सूज म्हणतात. त्यात सेल सोडायचे म्हणजे रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक निघालेली असताना मधोमध ठेला लावायचा, बहुतेक सेल मरतात. आणि फार उशीर केला तर तिथे व्रण नि पोकळी तयार झालेली असते. म्हणून जपानच्या केओ युनिव्हर्सिटीने 2021 च्या डिसेंबरमध्ये पहिल्या पेशंटला आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी मागे नेऊन स्टेम सेलसारख्या केलेल्या) बनवलेले सेल दिले ते मार लागून 14 ते 28 दिवसांच्या आत, साधारण 20 लाख सेल. 2025 मध्ये चार जणांचा रिझल्ट सांगितला: एक आधाराशिवाय उभा राहिला, दुसऱ्याच्या हालचाली सुधारल्या, बाकी दोघांत फारसा फरक नाही. जगातल्या नावाजलेल्या टीमचं हे असं आहे, तर "शंभर टक्के गॅरंटी" म्हणणाऱ्याला काय म्हणायचं तुम्हीच ठरवा.

मग सूजच दाबून टाका ना, असं कोणालाही वाटेल. 1990 च्या ट्रायलनंतर (पेशंटवर केलेली चाचणी) 8 तासांच्या आत स्टेरॉइडचा मोठा डोस द्यायची पद्धत जोरात होती, पण इन्फेक्शन, पोटात रक्तस्राव असले प्रकार दिसले आणि आता तो सरसकट देत नाहीत. सूज साफसफाईही करते, ती पूर्ण बंद करून चालत नाही.

दुसरं, सेल कुठले? बोनमॅरो किंवा नाळेतले मेसेनकायमल नावाचे स्टेम सेल असतील तर त्यांचं मुख्य काम नवीन नस बनवणं नाहीये, ते जे पदार्थ सोडतात त्याने सूज शांत व्हायला मदत होते. दोन वर्षं जुन्या इजेत सुरुवातीचा भडका कधीच ओसरलेला असतो, मग हे सेल नक्की काय करणार, सरळ विचारा. धोकाही विचारा. नाकातल्या पेशी कण्यात घातलेल्या एका पेशंटला आठ वर्षांनी तिथेच गाठ झाली आणि तिच्यातून शेंबडासारखा चिकट द्रव निघाला, 2014 मध्ये छापून आलंय हे.

तिसरं, सीटीआरआय नंबर मागा, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा नंबर. आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) 2017 च्या गाइडलाइनप्रमाणे रक्ताचे काही आजार सोडले तर मंजूर ट्रायलच्या बाहेर स्टेम सेल देणं अनैतिक आहे. नंबर मिळाला की साइटवर टाकून स्वतः बघा, हॉस्पिटल तेच आहे का, आणि किती दिवसांच्या इजेचे पेशंट घेतात. ट्रायलच्या सेलचे पैसे मागितले तर भैया, तिथूनच मागे फिरा.

व्हिडिओवर जाऊ नका, पहिल्या वर्षात बऱ्याच जणांची थोडी हालचाल आपोआपही परत येते. आधीचा आणि नंतरचा एशिया स्कोर मागा, म्हणजे कुठे किती ताकद आणि स्पर्श आहे ह्याचे तपासणीतले मार्क.

तोपर्यंत घरी जे हातात आहे ते सोडू नका. बेडसोर आणि लघवीचं इन्फेक्शन झालं की अंगभर सूज वाढते आणि फिजिओ बंद पडतो, म्हणून झोपलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून द्या, माकडहाड नि टाचा रोज उजेडात बघा, लालसर डाग दाबून पांढरा होत नसेल तर त्या बाजूवर भार नको आणि डॉक्टरला दाखवा. कॅथेटर (लघवीची नळी) घालायला डिस्चार्जच्या आधीच वॉर्डातल्या सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने शिकून घ्या, घरी आल्यावर फोनवर ते समजत नाही.