तालमीत कुस्तीचा जुना विनोदी पिक्चर लावायचा तर

कुस्तीचा पिक्चर लावतोय म्हटलं की कोल्हापुरात माणसं बोलवावी लागत नाहीत, थोपवावी लागतात. पण पिक्चर अमेरिकेचा, १९३८चा, काळा-पांढरा आणि वर विनोदी असला की तयारी वेगळी लागते. बावीस वर्षं थेटरात प्रोजेक्टर चालवूनही तालमीतल्या पहिल्या खेळाला माझी फजिती झाली, म्हणून लिहून ठेवतो.

पिक्चर 'स्विंग युअर लेडी'. हॉलिवूडचा नट हंफ्री बोगार्ट म्हणजे हॅट आणि पिस्तूल असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. इथं तो पैलवान घेऊन गावोगाव हिंडणारा फाटक्या खिशाचा ठेकेदार आहे. मिसुरीच्या डोंगराळ भागात त्याच्या पैलवानाला जोड मिळते ती लोहारकाम करणाऱ्या बाईची. गडी तिच्याच प्रेमात पडतो आणि लढायला तयार होत नाही. बोंबलला सगळा धंदा!

पडद्याला मांजरपाट घ्या, आठ फूट रुंद नि सहा फूट उंच. जुन्या पिक्चरची चौकट जवळजवळ चौकोनी असते. प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये चारास तीन हे माप निवडा, नाहीतर चित्र आडवं ताणलं जातं आणि चांगला कमावलेला पैलवान ढेरपोट्या दिसतो. प्रोजेक्टर हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, कडेला ठेवू नका, माती उकरलेली असली की भिंगावर धूळ बसते. स्पीकरचा बेस पार कमी करा, जुना आवाज त्यात घुमतो. आणि खेळ सातला म्हणजे सातला. पोरं पहाटे चारला उठणारी, नऊनंतर बसल्या जागी डुलक्या घेतात.

आता माझी चूक. पहिल्या खेपेला काही न सांगता पिक्चर सुरू केला. पडद्यावर एकाची पाठ टेकली तशी पुढं बसलेली वस्ताद मंडळी "झाली की चितपट" म्हणत उठली आणि चहाला गेली. आपल्याकडं पाठ लागली की निकाल. तिकडच्या धंदेवाईक कुस्तीत खांदे दाबून धरावे लागतात आणि पंच तीन मोजतो. हे आधी माईकवर सांगा. शिवाय तिथं कोण पडणार हे बहुतेक आधीच ठरलेलं असतं, म्हणजे आपल्या भाषेत नुरा कुस्ती. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात अशी कुस्ती झाली तर लोक मैदान डोक्यावर घेतील. इथं मात्र त्यालाच हसायचंय, हे पोरांना एकदा सांगावं लागतं.

मग हुकमाचा पत्ता काढा. यातला पैलवान नॅट पेंडलटन नुसता नट नव्हे. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये त्यानं सर्वांत वजनी गटात रौप्यपदक घेतलं होतं. त्याच ऑलिंपिकला आपले शिंदे आणि नवले हे मल्लही उतरले होते. राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांचं ऑलिंपिक कांस्य त्यानंतरचं, १९५२चं. एवढं ऐकलं की नाक मुरडणारा म्हातारासुद्धा चष्मा पुसायला लागतो.

इंग्रजीचं अडत नाही. वाक्यावाक्याचा अर्थ सांगत बसू नका, मैदानातल्या निवेदकासारखं मोजकं बोला. "ठेकेदार हिशेब बघतोय, पैलवान बाईकडं बघतोय" एवढ्यावर हशा येतो. मध्ये वीव्हर ब्रदर्स मंडळींची खेडवळ गाणी येतात, तेवढ्यात चहा फिरवा. कुस्ती शिकणाऱ्या मुलींना पुढच्या रांगेत बसवा. लोहारीण पडद्यावर आली की पहिली शिट्टी तिथूनच येते, मागची पोरं जरा दबून हसतात.

खेळ संपला की पडदा लगेच उतरवा. मी एकदा रात्रभर तसाच ठेवला. पहाटे जोर मारून झाल्यावर पोरांनी त्यालाच अंग पुसलं. तांबड्या मातीचे डाग काही जात नाहीत. आता प्रत्येक खेळाला ते बरोबर बोगार्टच्या गालावर येतात.