फ्यूज जाळायला बसण्याआधी

सी येतं, यूआर्ट कळतं, बोर्डावर फर्मवेअर चढवता येतं, एवढं धरून चालतो. कॉलेज संपवून कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत लागलात आणि पहिल्याच महिन्यात कोणी ‘प्रोव्हिजनिंगचं तेवढं तू बघ’ म्हणून निघून गेलं, तर हे तुमच्यासाठी. मलाही तसंच सांगितलं गेलं होतं. प्रोव्हिजनिंग म्हणजे माल बाहेर पडण्याआधी प्रत्येक चिपमध्ये डिजिटल किल्ल्या (की) आणि कुलपं कायमची बसवणं.

आमचा माल म्हणजे शेतीपंपाचा मोबाइल स्टार्टर, आत एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी३२-एस३ चिप. रात्रीची लाइट आली की तासगावचा बागायतदार अंथरुणातूनच मोटर चालू करतो. त्या डब्यात कोणी भलतंच फर्मवेअर घातलं तर विहीर आटलेली असतानाही मोटर कोरडी फिरवून जाळता येईल. त्यामुळे सिक्युअर बूट (फक्त आपल्या सहीचंच फर्मवेअर चालू देणं) आणि फ्लॅश एन्क्रिप्शन (फ्लॅशमधला मजकूर कूटबद्ध ठेवणं) ही कॅटलॉगात छापायची शोभा नाही.

हत्यार एकच, एस्पिफ्यूज. कमांड लाइनवरून ते चिपमधले ईफ्यूज, म्हणजे एकदाच लिहिता येणारे बिट, वाचतं आणि जाळतं. ईफ्यूजमधला बिट शून्याचा एक होतो, एकाचा शून्य कधीच होत नाही. गोंदण म्हणा ना. त्यातही की ठेवायचे सहा ब्लॉक रीड-सॉलोमन या चूक-दुरुस्तीच्या कोडिंगचे आहेत. एकदा लिहिला की तो ब्लॉक संपला, ‘उरलेले बिट नंतर भरू’ तिथे चालत नाही.

आता मुख्य सापळा. इथे मी लांबण लावणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

या ब्लॉकांत दोन जातींचा ऐवज बसतो. फ्लॅश एन्क्रिप्शनची की गुप्त असते. ती फक्त हार्डवेअरने वापरायची, सॉफ्टवेअरला दिसता कामा नये, म्हणून तिच्या ब्लॉकवर वाचनबंदी. सिक्युअर बूटसाठी मात्र सार्वजनिक कीचा डायजेस्ट (हॅश, म्हणजे तिचा ठसा) ठेवतात आणि तो वाचता आलाच पाहिजे, नाहीतर रॉममधला बूट कोड ती की कशाशी ताडून बघणार? वाचनबंदीचे बिट आरडी-डिस नावाच्या फील्डमध्ये असतात. उद्या कोणी खोडसाळपणे डायजेस्टवरच वाचनबंदी लावली तर तो ब्लॉक शून्य वाचला जाईल आणि बोर्ड उठणारच नाही. हे होऊ नये म्हणून सिक्युअर बूट चालू करताना आरडी-डिस फील्डवरच लेखनबंदी घालतात. आणि ती पडली की पुढे कुठल्याही ब्लॉकवर वाचनबंदी लावता येत नाही. कुठल्याही. आधी सिक्युअर बूट आणि मग एन्क्रिप्शनची की, असा क्रम घेतलात तर ती की जन्मभर उघडी.

एन्क्रिप्शन आधी करा, हे एस्प्रेसिफच्या कागदपत्रांत आहे, आमच्या स्क्रिप्टमध्येही क्रम बरोबर होता. तरी अडकलो ते दुसऱ्याच टोकाला. माल बाजारात गेल्यावर ठरलं, की सर्व्हरला डब्याची ओळख चिपमधल्या डिजिटल सिग्नेचर पेरिफेरलने, म्हणजे सही करणाऱ्या हार्डवेअरने, पटवायची. त्याला एचमॅकची (गुप्त की वापरून हॅश काढायच्या पद्धतीची) की लागते, आणि तीही वाचनबंद. ब्लॉक रिकामे होते, पण आरडी-डिस कधीचंच बंद! शेतातल्या सगळ्या डब्यांपुरता तो बेत तिथेच संपला. कमांड कोणाची चुकली नव्हती. पुढे कुठल्या गुप्त की लागतील, हे बैठकीत कोणी विचारलंच नव्हतं. तेव्हा कुलूप घालण्याआधी ती यादी कागदावर काढून वरिष्ठांची सही घ्या. हो, सहीच. शंका असेल तर एचमॅकची की आधीच जाळून वाचनबंद करा आणि तिची प्रत बोर्डाच्या मॅक पत्त्यासह सुरक्षित ठेवा.

घाबरू नका. --व्हर्ट हा पर्याय लावला की एस्पिफ्यूज खऱ्या चिपला हातही लावत नाही. --पाथ-ईफ्यूज-फाइल दिली की खोट्या फ्यूजची स्थिती फाइलमध्ये राहते. फाइल पुसली की कोरी चिप. बोर्ड न जोडता घरी बसून अख्खा क्रम घोटता येतो. नंतर दोन-चार मॉड्यूल वाया गेली तरी चालतील, एस३ मॉड्यूल काही शे रुपयांचं आहे. वाया जाऊ नये तो तयार झालेला लॉट.

खरं जाळताना एस्पिफ्यूज तुमच्याकडून ‘बर्न’ हा शब्द टाइप करून घेतं. --डू-नॉट-कन्फर्म लावून ती कटकट टाळणारे बहाद्दर भेटतील. तो पर्याय असेंब्ली लाइनवरच्या तावून सुलाखून घेतलेल्या स्क्रिप्टसाठी आहे, शिकणाऱ्यासाठी नाही. चॅटबॉटने दिलेल्या कमांडवरही माझा भरवसा नाही: एस्पिफ्यूजच्या पाचव्या आवृत्तीत कमांडच्या नावांतले अंडरस्कोअर जाऊन हायफन आले, पण उत्तरात दोन्ही पिढ्यांची खिचडी येते. प्रत्येक टप्प्याआधी आणि नंतर समरी (सगळ्या फ्यूजच्या स्थितीची यादी) काढून जपून ठेवा, कारण सिक्युअर डाउनलोड मोड (यूआर्टवरून मोजक्याच कमांड चालू देणारा) लागल्यावर यूआर्टवरून ती निघत नाही.

सीनियरबद्दल एक मत, पटलं तर घ्या. माझ्या हातातून कीबोर्ड ओढून स्वतः काम उरकणारा एकजण होता. फार हुशार, पण त्याच्याकडून मी शिकलो शून्य. दुसरे सर एंटर दाबायच्या आधी विचारायचे, ‘आता कुठला बिट जाळणार, सांग.’ तेव्हा डोक्यात जायचे. आज मी नव्या पोरांना तेच विचारतो आणि मीही त्यांच्या डोक्यात जातो.

पुण्याला गेल्याशिवाय हे शिकता येत नाही, हेही खोटं. एक लॅपटॉप आणि एक बोर्ड लागतो, तो सांगलीच्या विश्रामबागेतल्या खोलीतही चालतो.

राहिली फर्मवेअरवर सही करायची खासगी की. ती वेगळ्या, नेटला न जोडलेल्या मशीनवर किंवा एचएसएममध्ये (की जपणाऱ्या खास हार्डवेअरमध्ये) हवी. एस३ मध्ये डायजेस्टच्या तीन जागा आहेत. एक राखीव कीसाठी वापरा आणि रिकामी उरेल ती रद्द करा. मुलाखतीत तुम्हीच विचारा, की ही की कुठे ठेवता? ‘साहेबांच्या लॅपटॉपवर’ असं उत्तर आलं तरी नोकरी घ्या, पण पहिल्याच आठवड्यात ती तिथून हलवायच्या मागे लागा.