नुसते "काळे स्क्रू द्या" म्हणू नका

चिपळूणला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं. गेली बारा वर्षं गल्ल्यावर मी बसते. रोज कोणीतरी येतंच, "वहिनी, काळे स्क्रू द्या पाव किलो." मी विचारते, कशातून कशात मारायचेत? काहींना राग येतो. पण ते कळल्याशिवाय मी पुडी बांधत नाही.

काळा स्क्रू हा जिप्सम बोर्डाचा, म्हणजे फॉल्स सीलिंगला आणि पार्टिशनला लावतात त्या कागद चढवलेल्या पांढऱ्या पाट्यांचा. त्याचं डोकं खालून बघा, पिपाणीच्या तोंडासारखं हळूहळू रुंदावत जातं. बोर्डाच्या आत नुसता भुसभुशीत जिप्सम, पकड काय ती वरच्या कागदाची. हे डोकं कागद न फाडता दाबून बसतं. साध्या सपाट डोक्याच्या स्क्रूची कड कागद कापते, मग बोर्ड लोंबायला लागतो.

आता आटे बघा. खाली जीआय चॅनल, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याची पट्टी असेल तर बारीक आट्यांचा घ्या, लाकडी पट्ट्या असतील तर मोठ्या आट्यांचा. चॅनलचा पत्रा जेमतेम अर्धा मिलीमीटर. त्यात मोठे आटे नुसते गरगर फिरतात. पत्रा जाड असला, एक मिलीमीटरच्या वर, तर टोकाला ड्रिलसारखी पाती असलेला सेल्फ ड्रिलिंग मागा.

लांबीचा हिशेब सोपा. खाली चॅनल असेल तर साडेबारा मिलीमीटरच्या एका बोर्डाला 25 चा म्हणजे एक इंची. दोन बोर्ड एकावर एक असतील तर 38, दीड इंची. पत्र्यातून निदान 10 मिलीमीटर टोक पलीकडे निघायला हवं. लाकडात त्याच्या दुप्पट तरी शिरू दे, म्हणजे तिथे याहून लांब स्क्रू घ्या. सीलिंगला साधारण नऊ इंचांवर एक, बोर्डाच्या टोकांना सहा इंचांवर, भिंतीला फुटावर एक चालतो. डोकं कागदाच्या किंचित आत, खळगा पडेल इतकंच. कागद फाटला तर त्या स्क्रूवर भरवसा ठेवू नका, दोन इंच सरकून दुसरा मारा.

आता माझीच फजिती. आमच्या स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कपाट मी काळ्या स्क्रूंवर टांगून घेतलं होतं, दुकानात पडून होते म्हणून. गौरीच्या आदल्या दिवशी स्टीलच्या ताटांसकट खाली! स्क्रूंची डोकी तुटलेली, दांडे भिंतीत तसेच. काळा स्क्रू पाणी देऊन कडक केलेला असतो, त्यामुळे आडवा भार आला की न वाकता कटकन मोडतो. पटत नसेल तर पकडीत धरून हातोडी मारून बघा. लाकडाचा साधा स्क्रू आधी वाकतो. कपाटं, बिजागऱ्या, टीव्हीचा स्टँड यांना काळा देऊ नका. बोर्डाच्या पार्टिशनवर टीव्ही लावायचाच असेल तर बोर्ड चढवायच्या आधी आत प्लायची पट्टी टाकून घ्या आणि त्यात जाड लाकडी स्क्रू मारा.

भिंत जांभ्याच्या चिऱ्याची असेल तर आणखी पंचाईत. भोक पाडताना चिरा आतून भुगा होतो आणि छोटी गिट्टी, म्हणजे स्क्रूसाठी भोकात ठोकायचा प्लग, स्क्रूबरोबर गोल फिरते. लांब गिट्टी घ्या. ड्रिल हातोडीच्या (हॅमर) मोडवर न ठेवता नुसतं फिरवून भोक पाडा आणि आतला लाल भुगा फुंकून काढा. फुंकताना डोळे मिटा, हे अनुभवाचं आहे.

राहिला गंज. काळ्या रंगाचा थर पावसाळा सोसत नाही. बाथरूमच्या सीलिंगला तो मारलात तर पुट्टीवर तपकिरी ठिपके उमटतील; तिथे झिंक चढवलेला घ्या. उघड्यावर स्टेनलेस स्टीलचा 304 ग्रेडचा, आणि गुहागर-दाभोळकडे अगदी समुद्राच्या तोंडावर घर असेल तर 316, महाग असला तरी. जुलै 2021 च्या पुरात आमच्या दुकानात पाणी चढलं. चिखल उपसून खोके उघडले तर काळ्या स्क्रूंचा एकसंध गोळा झाला होता, हातोडीने फोडावा लागला. स्टेनलेसचे आम्ही धुऊन, पुसून, अंगणात चादरीवर वाळवले आणि दिवाळीपर्यंत विकून टाकले.