ट्रिपचे हजार फोटो आणि स्क्रॅपबुकचं पान रिकामंच? या चुका टाळा

मागे एकदा आठ दिवसांच्या ट्रिपवरून परत आले तेव्हा फोनमध्ये चौदाशेच्या वर फोटो होते. मोठ्या हौसेने स्क्रॅपबुक करायला बसले आणि पहिल्याच पानाला अडकले, कारण समुद्राचे साठ-सत्तर फोटो होते पण आम्ही राहिलो त्या खोलीचा एकही नव्हता, आणि बाबा अख्ख्या ट्रिपमध्ये फक्त दोन फोटोंत, तेही पाठमोरे. फार वाईट वाटलं. तेव्हापासून प्रत्येक ट्रिपला फोटो कमी काढते आणि पानं मात्र भराभर तयार होतात, म्हणून जे जे चुकत होतं ते लिहिते आहे.

आधी एक साधा हिशोब करून बघा. स्क्रॅपबुकचं मोठं पान १२ बाय १२ इंचाचं, म्हणजे १४४ चौरस इंच. ४ बाय ६ चा एक फोटो २४ चौरस इंच. म्हणजे सहा फोटो चिकटवले की पान संपलं, लिहायला बोटभरही जागा नाही. पान छान दिसायला तीन फोटो पुरतात, फार तर चार. दिवसाला दोन पानं धरली तरी आठ दिवसांना साधारण पन्नास फोटो लागतात! रोलचा कॅमेरा होता तेव्हा एका रोलमध्ये ३६ फोटो यायचे आणि लोक त्यात सगळी सुट्टी बसवायचे, कारण बटण दाबायच्या आधी थांबून बघायचे. ते थांबणं आपलं सुटलंय, खरी अडचण तिथे आहे.

एकाच जागी उभं राहून दहा फोटो

ही सगळ्यात कॉमन चूक. दहाही फोटो जवळपास सारखे येतात, मग घरी येऊन कुठला ठेवू कुठला नको यात दोन तास जातात आणि शेवटी कंटाळून सगळेच राहतात. त्यापेक्षा तीनच काढा पण तीन वेगवेगळ्या अंतरांवरून. एक लांबून, जागा कळेल असा. एक मधून, तिथे आपली माणसं काय करतायत ते दिसेल असा. आणि एक अगदी जवळून, म्हणजे दाराची कडी, वाळूतली पावलं, मुलीच्या मुठीतला शंख असं काहीतरी. हे तीन शेजारी शेजारी लावले की पान आपोआप बोलायला लागतं. त्यातला एखादा आडवा, एखादा उभा ठेवा, सगळेच आडवे असले की मांडणी करताना हात बांधले जातात.

ग्रुप फोटोला मात्र हा नियम लावू नका हं, कुणाचे ना कुणाचे डोळे मिटलेलेच असतात, तिथे चार-पाच काढा आणि त्याच संध्याकाळी एक ठेवून बाकीचे उडवा.

पोचल्या पोचल्या फोन बाहेर

आता मी पहिली पाच मिनिटं फोन बॅगेतच ठेवते. नुसतं बघायचं, आवाज ऐकायचे, मुलं कशाकडे धावतायत ते बघायचं, मग ठरवायचं की इथलं काय घरी न्यायचंय. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड युनिव्हर्सिटीच्या लिंडा हेंकेल यांचा २०१४ साली छापून आलेला एक अभ्यास आहे, त्यात लोकांना म्युझियममध्ये फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले आणि काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवत होत्या. पण ज्या वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम करून फोटो काढला, तिच्याबाबतीत आठवण तशी कमी झाली नाही. मला हे फार पटलं, कारण त्या भागाकडे नीट बघावंच लागतं. म्हणून तो जवळून काढायचा तिसरा फोटो विसरू नका.

नुसते देखावे, माणसंच नाहीत

प्रसिद्ध जागेचा फोटो आपल्यापेक्षा चांगला कुणीतरी आधीच काढून ठेवलाय, हवा असेल तर तिथलं पोस्टकार्ड विकत घ्या आणि सरळ पानावर लावा, मस्त दिसतं. पण तुमची आई त्या पायऱ्यांवर दम खात बसलीये, हा फोटो जगात दुसऱ्या कुणाकडे मिळणार नाही. दहा वर्षांनी लोक स्क्रॅपबुक उघडतात तेव्हा डोंगर बघत नाहीत, ‘अगं हा किती बारीक होता’, ‘हा शर्ट आठवतोय का’ असं चालू होतं. सगळे पोज देऊन रांगेत उभे आहेत त्याच्यापेक्षा नकाशावर वाद घालणारे, बॅगा भरणारे, गाडीत एकमेकांवर कलंडून झोपलेले फोटो जास्त जीव लावतात. आणि जो फोटो काढतो तो कायम गायब असतो, घरोघरी हेच! त्यामुळे दिवसातून एकदा तरी फोन दुसऱ्याच्या हातात द्या, लहान मुलाच्या दिला तरी चालेल, त्यांच्या उंचीवरून जग वेगळंच दिसतं. नाहीतर टायमर आहेच.

प्रिंट आली आणि डोकी कापली

यात तुमची काही चूक नसते, मापाचा घोळ असतो. बहुतेक फोन ४:३ मापात, म्हणजे रुंदी ४ तर उंची ३ अशा प्रमाणात फोटो काढतात आणि ४ बाय ६ ची प्रिंट ३:२ मापाची. म्हणजे आडव्या फोटोचा वर-खाली मिळून साधारण ११ टक्के भाग कापला जातो. माणसं कडेला चिकटवून फ्रेम गच्च भरली असेल तर कुणाचं तरी डोकं जाणारच. थोडी मोकळी जागा सोडून काढा. आकाश, भिंत, पाणी अशी साधी जागा जास्त सुटली तर उलट चांगलंच, त्यावर तारीख किंवा दोन ओळी लिहिता येतात.

बाकीच्या तक्रारी पटकन सांगते. चेहरा काळा येतोय तर उजेड पाठीमागे आहे, माणसाला फिरवा नाहीतर स्क्रीनवर चेहऱ्यावर टॅप करून ब्राइटनेस वाढवा. भर दुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, झाडाच्या नाहीतर भिंतीच्या सावलीत या. सगळंच धुरकट दिसतंय तर आधी लेन्स पुसा, बोटांचे डाग असतात. बोटांनी ताणून ताणून झूम केलेला फोटो प्रिंटमध्ये फुटतो, चालत पुढे जा. आणि दुसऱ्यांनी काढलेले फोटो व्हॉट्सॲपवर साधे मागवू नका, ते बारीक होऊन येतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. ४ बाय ६ च्या चांगल्या प्रिंटला साधारण १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात.

निवड घरी जाऊन करू म्हणणं

घरी गेल्यावर होत नाही. रोज रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं, त्या दिवसाचे सहा-सात फोटो फेव्हरेट करायचे आणि नोट्समध्ये एक-दोन ओळी टाकायच्या, कोण काय बोललं, रस्ता कुठे चुकला, पाऊस कधी आला. पानावर लिहायला बसलं की या ओळी सोन्यासारख्या वाटतात. वेगळा कॅमेरा असेल आणि परदेशात गेला असाल तर त्याचं घड्याळ पहिल्याच दिवशी लावून घ्या, नाहीतर फोन आणि कॅमेऱ्यातले फोटो मागे-पुढे होऊन सगळा क्रम बिघडतो.

तिकिटं जपून ठेवताय तर एक लक्षात घ्या, मशिनमधून येणारी गुळगुळीत थर्मल कागदाची तिकिटं काही वर्षांत पुसट होतात, स्कॅन करून प्रिंट लावा. कागद आणि गोंद ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेले घ्या, पीव्हीसीच्या प्लास्टिकचे कव्हर टाळा.

आणि चौदाशे फोटो आधीच काढून बसला असाल तर? डिलीट करत बसू नका, त्यात जीव अडकतो. उलटं करा, एकेका दिवसाचे फोटो एकदाच भरभर बघा आणि ज्याच्यावर तुम्ही काहीतरी सांगायला लागाल तेवढेच वेगळ्या अल्बममध्ये टाका. फोटो नाही पण गोष्ट आहे, तर तिथे नकाशाचा तुकडा लावा, लिहा. माझ्या त्या अडकलेल्या पानावर शेवटी बाबांचा पाठमोरा फोटोच लावला, ८ बाय १० एवढा मोठा करून. खालच्या पट्टीत त्यांनाच लिहायला दिलं, ते समोर काय बघत होते ते.